रडीचा डाव

झोपलेल्याला जागें करतां येतें, पण झोपेचें सोंग घेतलेल्याला जागें करतां येत नाहीं, ही म्हण आमच्या वाचकांना सांगावयास नको. तिचीच एक नवी आवृत्ति आम्हांला गेल्या पावसाळ्यांत उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील एका चिखलाच्या मैदानावर पहावयास मिळाली. पडलेल्याला उठवितां येतें. परंतु पडण्याचें सोंग घेतलेल्या फुटबॉलच्या खेळाडूला, त्याच्या बाजूचा एक गोल अधिक असेपर्यंत, प्रत्यक्ष धन्वंतरीहि उठवूं शकत नाहीं!

आमच्या वडील भगिनीचें बिऱ्हाड ह्या कॅम्प १ मध्यें, शहाड स्टेशनापासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभारली होती, तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. १९४९ सालीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. परंतु तिच्या भागांना लोक अजूनहि कॅम्प असेंच म्हणतात. जीं माणसें घरदार टाकून, खरोखरीचे घाव सोसून येथें उतरलीं, त्यांनीं कण्हत बसण्यापेक्षां दुकानें मांडलीं. त्यांचीं पणतवंडें आणि आमच्या भगिनीच्या शेजारचीं मराठी मुलें आज एकाच मैदानावर एकाच चेंडूमागें धांवतात, ही आम्हांला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते.

त्या रविवारीं दोन गल्ल्यांतील मुलांचा सामना होता. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग, पंच म्हणून गल्लींतीलच एक कॉलेजांत जाणारा तरुण, आणि प्रेक्षक म्हणून छत्र्या घेतलेले आम्ही आठदहा वडीलधारे. आमचा भाचा, वय वर्षें तेरा, ज्या बाजूकडून खेळत होता तिनें पूर्वार्धांतच एक गोल केला. उत्तरार्धाचीं शेवटचीं दहा मिनिटें उरलीं आणि त्या बाजूच्या मुलांच्या हातापायांतील बळ एकाएकीं नाहींसें झालें. एकाच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधून होते तों दुसऱ्याची सुटली. गोलरक्षकानें चेंडू असा पोटाशीं धरला कीं जणूं तें तान्हें मूलच. आमचे चिरंजीव तर दोन वेळां गुडघा धरून गडबडां लोळले. दुसऱ्या वेळीं लोळतां लोळतां चेंडू त्यांच्या जवळून गेला, तेव्हां ते टुणकन् उठून त्यामागें असे धांवले कीं प्रेक्षकांत हंशा पिकला. आम्हीहि हंसलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

शेवटचीं तीनचार मिनिटें राहिलीं असतां तो पुन्हा पडला. ह्या वेळीं त्याला कोणीं पाडलें नव्हतें. चिखलांत पाय सरकला आणि उजवा हात अंगाखालीं सांपडला. तो ओरडला, पण समोरच्या मुलांच्या “नाटक! नाटक!” ह्या गलक्यांत तें ओरडणें बुडून गेलें. दोनदां फसलेल्या पंचानें खेळ चालूं ठेवण्याची हातानेंच खूण केली. प्रतिपक्षानें तेवढ्यांत चेंडू नेऊन गोल फेडला. अखेर समोरच्या संघाचा गोलरक्षक, एक सिंधी मुलगा, आपली जागा सोडून धांवत आला, आणि पडलेल्याच्या मनगटाकडे पाहून त्यानेंच दोन्ही हात वर करून खेळ थांबविला. मनगटाचें हाड मोडलें होतें. पुढें पांच आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला.

रात्रीं आमच्या भगिनीनें त्याला भात कालवून भरवितांना एकच प्रश्न विचारला, “पहिल्या दोन वेळीं खरेंच लागलें होतें का रे?” चिरंजीवांनीं प्लास्टरकडे पाहिलें. मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, “पण मामा, टीव्हीवर मोठमोठे खेळाडू असेंच करतात. त्यांना कोणी कांहीं म्हणत नाहीं.” ह्या बोलण्याला द्यावयास तत्काळ उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. तें शोधण्याचा प्रयत्न ह्या लेखांत केला आहे.

भाच्याचें म्हणणें अर्धें खरें होतें. मोठमोठे खेळाडू असें करतात, हें निर्विवाद आहे. ३ सप्टेंबर १९८९ रोजीं ब्राझीलमधील रिओ शहरीं, माराकानाच्या अवाढव्य मैदानावर, ब्राझील आणि चिली ह्या देशांत विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना चालला होता. चिली एका गोलानें मागें होता, आणि हार म्हणजे स्पर्धेबाहेर जाणें हें ठरलेलें होतें. इतक्यांत प्रेक्षकांतून शोभेच्या दारूचें एक पेटतें नळकांडें मैदानांत येऊन पडलें, आणि चिलीचा गोलरक्षक रोबेर्तो रोहास रक्तबंबाळ होऊन कोसळला. त्याचे सहकारी त्याला उचलून बाहेर घेऊन गेले व पुन्हा खेळावयास आले नाहींत. पुढें छायाचित्रांवरून दिसून आलें कीं, नळकांडें त्याला लागलेंच नव्हतें. हातमोज्यांत लपवून आणलेल्या पात्यानें त्यानें स्वतःच आपल्या कपाळावर वार करून घेतला होता! रोहासला जन्माची बंदी झाली (ती २००१ सालीं उठविण्यांत आली), सामना ब्राझीलला बहाल झाला, आणि १९९४ च्या विश्वचषकाचें दारहि चिलीला बंद झालें. एका माणसाच्या सोंगाची किंमत साऱ्या देशाला मोजावी लागली.

परंतु सर्वच सोंगांची अशी किंमत मोजावी लागत नाहीं, आणि भाच्याच्या म्हणण्यांतील खरी मेख येथेंच आहे. २००२ च्या विश्वचषकांत ब्राझील व तुर्कस्तान यांचा सामना संपत आला होता. ब्राझील एका गोलानें पुढें होता, आणि त्याचा नामांकित खेळाडू रिव्हाल्डो कोपऱ्यावरून चेंडू मारण्यास सावकाश सिद्ध होत होता. एका तुर्की खेळाडूनें रागानें चेंडू त्याच्याकडे लाथाडला. तो लागला मांडीगुडघ्याशीं, आणि रिव्हाल्डो कोसळला तोंड धरून! तुर्की खेळाडू बाहेर गेला. मागाहून चित्रफीत पाहून रिव्हाल्डोला ११,५०० स्विस फ्रँकचा दंड झाला. परंतु सामन्याचा निकाल होता तसाच राहिला, आणि त्या वर्षीं विश्वचषकहि ब्राझीलनेंच जिंकला. दंड झाला, पण नफा शाबूत राहिला. जेथें दंडापेक्षां नफा मोठा, तेथें दंड म्हणजे व्यापाराचा एक खर्च होऊन बसतो. आमच्या मतें ह्या रोगाचें मूळ हेंच आहे.

कित्येक सद्गृहस्थ म्हणतील कीं, हा सारा नीतीचा प्रश्न आहे; मुलांना चांगलें वळण लावा म्हणजे झालें. वळणाचें महत्त्व आम्ही मुळींच नाकारीत नाहीं. परंतु केवळ उपदेशानें वेळकाढूपणा थांबल्याचें उदाहरण खेळांच्या इतिहासांत आम्हांला आढळलें नाहीं. थांबला तो नेहमीं एकाच उपायानें: वेळ काढणाऱ्याचा फायदा काढून घेतल्यानें.

१९८२ सालीं स्पेनमधील हिहोन येथें पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा विश्वचषकाचा सामना झाला. आदल्या दिवशींच अल्जीरियाचा शेवटचा सामना होऊन गेला होता, त्यामुळें जर्मनी एका-दोन गोलांनीं जिंकल्यास दोघांचेंहि काम होतें आणि अल्जीरिया बाहेर पडतो, हा हिशेब दोन्ही संघांना पाठ होता. पहिल्या दहाबारा मिनिटांत जर्मनीनें एक गोल केला, आणि मग उरलेला सारा वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलीत राहिले. आपल्याकडे कुस्तीच्या फडांत जिला नूरा कुस्ती म्हणतात, तीच ही. फुटबॉलच्या धुरीणांनीं ह्यावर प्रवचन झोडलें नाहीं. पुढच्या, म्हणजे १९८६ च्या विश्वचषकापासून त्यांनीं प्रत्येक गटांतील शेवटचे दोन सामने एकाच वेळीं ठेवण्यास आरंभ केला. दुसऱ्या सामन्याचा निकाल आधीं कळेनासा झाला, आणि आधीं मांडावयाचा हिशेबच संपला.

तीच कथा गोलरक्षकाची. पूर्वीं आपल्याच सहकाऱ्यानें पायानें मागें दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातांत धरतां येत असे. पुढें असलेला संघ चेंडू मागें देई, गोलरक्षक तो धरी, पुन्हा देई, पुन्हा धरी. मिनिटांमागून मिनिटें जात. १९९० च्या इटलींतील विश्वचषकांत ५२ सामन्यांत मिळून अवघे ११५ गोल झाले आणि लोक कंटाळले. १९९२ सालीं नियम झाला कीं, सहकाऱ्यानें मुद्दाम पायानें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये. एका ओळीच्या नियमानें खेळाचा वेग पालटला.

शिक्षेविषयींहि येथें एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. गोलरक्षकानें चेंडू सहा सेकंदांहून अधिक काळ हातांत ठेवूं नये, असा नियम अनेक वर्षें होता. तो मोडल्यास प्रतिपक्षाला गोलाच्या अगदीं तोंडाशीं फ्री किक मिळावयाची. शिक्षा एवढी जड होती कीं, ती देण्यास पंचाचें मन धजेना, आणि जी शिक्षा कोणी देतच नाहीं तिची भीति कोणाला वाटणार? म्हणून जुलै २०२५ पासून नियम बदलला. मुदत सहाची आठ सेकंद केली, शिक्षा हलकी करून प्रतिपक्षाला कोपऱ्यावरची किक दिली, आणि शेवटचे पांच सेकंद पंचानें हात वर करून बोटांनीं मोजून दाखवावयाचे असें ठरविलें. मुदत वाढली, शिक्षा घटली, पण ती मिळण्याची खात्री आली. ज्या घरांत “पाय मोडीन” अशी धमकी रोज दिली जाते आणि कधींच खरी होत नाहीं, त्या घरांतील मुलांपेक्षां, “आज गोष्ट नाहीं” एवढेंच सांगून तें पाळणाऱ्या घरांतील मुलें अधिक ऐकतात, हा अनुभव आमच्या वाचक भगिनींना नवा नसेल.

आतां मुख्य प्रश्न खोट्या दुखापतीचा. तो सर्वांत बिकट आहे. कारण चेंडू किती वेळ धरला हें मोजतां येतें, पण दुसऱ्याच्या गुडघ्यांतील कळ मोजतां येत नाहीं. १९९९ सालीं नियमांत स्पष्ट सांगितलें गेलें कीं, पंचाला फसविण्यासाठीं सोंग करणाऱ्यास पिवळें कार्ड दाखवावें. नियम योग्यच आहे. परंतु तो चालविण्यास पंचाला अंतर्ज्ञान हवें. खऱ्याला खोटा ठरविलें तर जखमेवर अपमानाचें मीठ. खोट्याला खरा मानलें तर दुसऱ्या बाजूवर अन्याय. शिवाय पंचाचें एक डोकें, दोन डोळे, आणि मैदानावर बावीस जण! कॅम्प १ मधील तो कॉलेजचा तरुण दोनदां भोळेपणानें चुकला आणि तिसऱ्यांदा शहाणपणानें चुकला. आम्ही त्याला दोष देत नाहीं. त्याला जो निवाडा करावयास लावला होता, तो कोणालाच करतां आला नसता.

म्हणूनच अमेरिकेंतील फुटबॉलच्या मुख्य साखळी स्पर्धेनें २०२४ पासून जी वाट धरली ती आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. तेथें खेळाडू पंधरा सेकंदांहून अधिक पडून राहिला आणि त्याच्यासाठीं वैद्यकीय मदतनीस मैदानांत आले, तर त्यानें बाहेर जाऊन दोन मिनिटें थांबावयाचें. तोंवर त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें २०२३ च्या हंगामापासून अशीच तीस सेकंदांची मुदत ठेवली. ह्यांतील खुबी अशी कीं, पंचाला खऱ्याखोट्याचा निवाडा करावाच लागत नाहीं. तो पडलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवतो. “तुला लागलें? बरें तर, बाहेर जा, औषध घे, दोन मिनिटें विसावा घे.” ज्याला खरेंच लागलें आहे त्याला हा विसावा हवाच असतो, ज्याला लागलें नाहीं त्याला तो नकोसा होतो, आणि तो आपल्या पायांनीं उठतो. सोंगाचा नफाच उलटा फिरल्यावर सोंग ओळखण्याचें कारण उरत नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, प्रतिपक्षानें पायावर पाय देऊन ज्याला खरोखर जखमी केलें, त्यालाच दोन मिनिटें बाहेर बसविणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला फांशी. म्हणून पाडणाऱ्याला पिवळें अथवा लाल कार्ड मिळालें असेल आणि उपचार झटपट उरकत असेल, तर पडलेल्यास मैदानावरच राहूं द्यावें, असा अपवाद फुटबॉलच्या नियमांत ठेवलेला आहे. दुसरा आक्षेप गोलरक्षकाचा. त्याच्यावांचून खेळ चालत नाहीं, म्हणून त्याला बाहेर धाडीत नाहींत. आणि जेथें दार उघडें तेथें मांजर शिरावयाचेंच! इतरांना पडणें महाग झाल्यापासून कांहीं गोलरक्षकांचे स्नायु सोयीच्या वेळीं आखडूं लागले आहेत, आणि तेवढ्यांत बाकीचे दहा जण कडेला जाऊन प्रशिक्षकाचा सल्ला घेतात. त्यावर, गोलरक्षकावर उपचार चालूं असतां बाकीच्यांनीं प्रशिक्षकाकडे जाऊं नये, अशी एक सूचना ऐकूं येते. ती आम्हांला रास्त वाटते.

खऱ्या दुखापतीविषयीं मात्र घाई नको. २०२२ च्या कतार येथील विश्वचषकांत इंग्लंड आणि इराण यांच्या सामन्यांत इराणचा गोलरक्षक आपल्याच सहकाऱ्यावर डोक्यानें आदळला. बराच वेळ उपचार झाल्यावर तो पुन्हा उभा राहिला, आणि थोड्याच वेळांत खालीं बसला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावें लागलें. त्या पूर्वार्धाला चौदा मिनिटें जोडण्यांत आलीं. डोक्याचा मार डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून अशा खेळाडूच्या जागीं ठरलेल्या संख्येहून एक जादा बदली खेळाडू घेण्याची सोय आतां नियमांत करतां येते. गेलेला वेळ घड्याळांत भरून काढला कीं कोणाचेंहि नुकसान होत नाहीं. वेळ भरून मिळतो, माणसाचें डोकें भरून मिळत नाहीं.

हें सारें वाचून कोणास वाटेल कीं, ह्या परदेशच्या गोष्टी झाल्या. परंतु वेळकाढूपणाला आळा कसा घालावा हें आपल्या मातींतील खेळांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे. हुतुतूंत चढाई करणाऱ्यानें श्वास धरून शब्दाचा उच्चार सतत चालूं ठेवावयाचा असतो. दम हेंच त्याचें घड्याळ. तो संपला कीं वेळ संपला. समोरच्या अंगणांतील ठराविक रेषा न ओलांडतां परतणारा बाद होतो, म्हणजे नुसती हजेरी लावून पळून येण्याची सोय नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें जाऊन ह्या खेळाचें प्रदर्शन केलें होतें. २०१४ पासून कबड्डी ह्या नांवानें त्याची जी व्यावसायिक स्पर्धा चालते, तींत एका चढाईला तीस सेकंद असतात, आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईंत गुण न मिळविणारा गडी बाद होतो. पुढें असलेल्या संघाला चढाया वाया घालवितां येऊं नयेत, म्हणूनच ही योजना.

खो-खो तर ह्याहून मौजेचा. त्यांत बचाव करणाऱ्याचा धर्मच मुळीं वेळ काढण्याचा आहे. जो अधिक मिनिटें नाबाद राहील तो मोठा खेळाडू. पण तो वेळ पळून काढावा लागतो, निजून नव्हे! हुलकावणी तेथेंहि आहे. परंतु ती अंगाची आहे, शब्दाची अथवा वेदनेची नव्हे. खेळांतील चातुर्य आणि खेळांतील लबाडी यांमधील रेषा ह्याहून स्पष्ट करून दाखवितां यावयाची नाहीं.

फुटबॉलपुरतें पहावयाचें तर महाराष्ट्रांत कोल्हापुराचें नांव आधीं निघतें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत झाला, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या तेथील संघांचीं नांवें पहावीं: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉलच्या संघाला तालमीचें नांव असणें ही आम्हांला नुसती गंमत वाटत नाहीं. ज्या आखाड्यांत पाठ जमिनीला लागणें म्हणजे हार, त्या आखाड्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रांतील मुलानें, कोणीं न लोटतां आपण होऊन मातींत पाठ टेकावी, हें त्याला शोभत नाहीं. एवढें एकच वाक्य मुलांना सांगितलें तरी पुष्कळ काम होईल असें आम्हांस वाटतें.

आणि खरें पाहतां, मुलांना हें शिकवावेंहि लागत नाहीं. आपल्या वाड्यांत, चाळींत, गल्लींत खेळणारीं मुलें “टाइम प्लीज” म्हणून थांबतात, तेव्हां त्यांचा स्वतःचा एक अलिखित कायदा असतो. अगदीं पकडले जाण्याच्या क्षणीं कोणीं “टाइम प्लीज” म्हटलें तर तें चालत नाहीं. वारंवार म्हणणाऱ्याला “रडीचा डाव” म्हणून सारे जण चिडवितात. सहा वर्षांच्या मुलीला जी गोष्ट कळते, ती विश्वचषकाच्या खेळाडूला कळत नाहीं असें नाहीं. त्याला ती विसरणें परवडतें, एवढेंच.

तेव्हां आमच्या गल्लीबोळांतील सामन्यांसाठीं काय करतां येईल? तेथें चित्रफीत नाहीं, चौथा पंच नाहीं, डॉक्टर नाहीं. तरी चार गोष्टी फुकट होण्यासारख्या आहेत. पहिली, मोबाइलमधील घड्याळ घेऊन एका मुलाला अथवा मुलीला कडेला बसवावें, आणि खेळ थांबला कीं घड्याळहि थांबवावें. निम्मा वेळकाढूपणा येथेंच मरतो. दुसरी, ज्याच्यासाठीं खेळ थांबवावा लागला, त्यानें एक मिनिट बाहेर बसावें. पाणी प्यावें, पाय हलवून पहावा, आणि मग परत यावें. मोठ्यांची दोन मिनिटें पंचवीस मिनिटांच्या खेळांत फार होतात, म्हणून एकच. गोलरक्षकाला आणि ज्याला पाडल्याबद्दल समोरच्याला कार्ड मिळालें त्याला ही अट लागूं नये. तिसरी, गोलरक्षकाच्या हातांत चेंडू आला कीं पंचानें मोठ्यानें आठपर्यंत मोजावें. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: कोणी पडून ओरडला तर पंचानें खेळ थांबवावा, त्यानें मागें दहा वेळां फसविलेलें असो. आधीं विश्वास, मग हिशेब. पहिले तीन नियम पाळले म्हणजे हा चौथा पाळणें पंचाला परवडतें.

शेवटीं घराविषयीं दोन शब्द. सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. दुखण्याचें सोंग त्या सर्वांत स्वस्त, म्हणून घरोघर तेंच अधिक. परीक्षेच्या दिवशीं पोटांत दुखतें; नको असलेल्या लग्नाला जावयाचें म्हटलें कीं वडील मंडळींची कंबर धरते; “साहेबांना सांगा, ताप आहे” असा निरोप मुलाच्याच तोंडीं फोनवर पाठविला जातो. मग तोच मुलगा मैदानावर गुडघा धरून लोळला तर तें तो टीव्हीवरच शिकला असें आम्ही कोणत्या तोंडानें म्हणावें? आणि त्या दिवशीं प्रेक्षकांत हंसणारे आम्हीच होतों. पहिल्या सोंगाला जो हंसला, त्यानें तिसऱ्या वेळच्या खऱ्या किंकाळीला बहिरें होण्याची तयारी केली. लांडगा आला रे आला ही गोष्ट सांगतांना आपण नेहमीं त्या धनगराच्या पोराला दोष देतों. पण लांडगा खाऊन गेला तो मेंढ्यांना, आणि त्यांनीं तर कोणालाच फसविलें नव्हतें. खोट्या दुखापतीचें खरें पाप हेंच आहे. ती पुढच्या खऱ्या दुखापतीची साक्ष आधींच मारून ठेवते. मग ती दुखापत त्याची असो वा दुसऱ्या कोणाची.

प्लास्टर निघण्यापूर्वींच त्या दोन गल्ल्यांचा पुन्हा सामना ठरला. खेळतां येत नसल्यामुळें आमच्या भाच्याला कडेला बसवून त्याच्या डाव्या हातांत मोबाइलचें घड्याळ देण्यांत आलें. दोन्ही संघांना तो कसा चालला, असें आम्हीं त्या सिंधी गोलरक्षक मुलाला विचारलें. तो म्हणाला, “आतां तो खोटें नाहीं मोजणार, काका.” सामना समोरच्या गल्लीनें जिंकला. भाच्यानें थांबलेला वेळ भरून देण्यासाठीं साडेतीन मिनिटें जोडलीं होतीं, आणि त्यांतील शेवटच्या मिनिटांत त्याच्याच संघावर गोल झाला. तो घरीं आला तो गप्प होता. जेवतांना मात्र म्हणाला, “मामा, साडेतीनच होत होतीं. मीं दोनदां मोजलीं.” आमच्या भगिनीनें त्याच्या पानांत आणखी थोडा भात वाढला.